भुयारी स्थानके : इतिहास आणि शिकवण



वसंतातील व्याख्यान ऐकायचे ते संध्याकाळच्या वाऱ्यावर, उघड्या आभाळाखाली. अशा वेळी आपल्याला जमिनीच्या पोटात नेण्याचे मी ठरवले आहे, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. परंतु विषय आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. भुयारी रेल्वे ही एके काळी विलायतेहून परतलेल्या मंडळींनी सांगायची गोष्ट होती; आज मुंबईचा चाकरमानी आणि पुण्याचा पेठेतला गृहस्थ रोज ते जिने उतरतो. जी गोष्ट आपल्या घरी आली, तिचा पूर्वेतिहास माहीत असणे बरे.

भुयारी रेल्वे म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बोगदा येतो, गाडी येते, इंजिनिअर येतो. मला आज बोलायचे आहे ते स्थानकाविषयी, आणि त्यातही जिन्याविषयी. कारण या दीडशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातून मला एकच गोष्ट स्पष्ट दिसते. जमिनीखालून गाडी नेणे माणसाला पुष्कळ लवकर साधले. परंतु हजारो माणसांना खाली उतरवणे आणि तितक्याच सुखरूपपणे पुन्हा वर आणणे ही विद्या त्याला फार सावकाश साधली, आणि तिची फी त्याने माणसांच्या प्राणांनी भरली.

आरंभ लंडनमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या शहरात बाहेरगावाहून आगगाड्या येत, पण त्यांची स्थानके शहराच्या कडेकडेने होती. तेथून पुढे घोडागाड्या, सामानाचे छकडे आणि पायी चालणारे यांची रस्त्यांवर जी दाटी होई, तिच्यातून वाट काढणे कठीण. चार्ल्स पिअर्सन नावाचा एक वकील होता. तो लंडन शहराच्या महापालिकेचा कायदा सल्लागार. गरीब कामकऱ्याने गलिच्छ वस्तीत कुजत न राहता शहराबाहेर मोकळ्या हवेत राहावे आणि स्वस्त गाडीने कामावर यावे, हे त्याचे स्वप्न. त्यासाठी रस्त्याखालून रेल्वे काढावी, असा ध्यास त्याने घेतला. लोक हसले, पण त्याने वर्षानुवर्षे खटपट करून पैसा उभा करवला. काम पुरे होत आले असताना, सप्टेंबर १८६२ मध्ये, तो वारला. पुढे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंतची सुमारे सहा किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे लोकांसाठी खुली झाली. जगातील ही पहिली भुयारी रेल्वे. आपल्याकडे बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती १८५३ साली. म्हणजे त्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी गाडी जमिनीखाली गेली.

हे भुयार खणले कसे, ते सोपे आहे. नळ घालण्यासाठी आपल्या गल्लीत चर खणतात, तसाच हा प्रकार, फक्त प्रचंड. रस्ता उकरायचा, दोन्ही अंगांना विटांच्या भिंती घालायच्या, वर कमान टाकायची आणि माती लोटून पुन्हा रस्ता करायचा. यात खोली फार नसते, त्यामुळे स्थानकातले जिनेही थोडक्यात आटोपतात. पण इंजिन वाफेचे! कोळशाचा धूर भुयारात कोंडे. म्हणून बेकर स्ट्रीट स्थानकात भिंतीतून वर रस्त्याकडे तिरपे झरोके काढले. त्यांतून उजेड खाली यावा आणि धूर वर जावा, ही योजना. ते फलाट आजही वापरात आहेत. धूर, काजळी आणि ठसका, सारे असूनही पहिल्याच दिवशी सुमारे अडतीस हजार लोकांनी प्रवास केला. माणसाला वेळ वाचवण्याचे आमिष दाखवले की तो पाताळातही उतरतो, याचा हा पुरावा.

दुसरी पायरी खोलीची. शहर वाढले, रस्त्याखाली गटारे, पाण्याचे नळ आणि गॅसचे नळ यांची गर्दी झाली. प्रत्येक वेळी रस्ता उकरणे परवडेना. तेव्हा या सर्वांच्या खालून, लंडनच्या चिकणमातीतून, थेट बोगदा पोखरण्याची युक्ती पुढे आली. थेम्स नदीखालून असा पहिला बोगदा मार्क ब्रुनेल याने १८४३ साली पुरा केलाच होता. जेम्स ग्रेटहेड याने ती रीत सुधारली. पोलादाचे एक मोठे नळकांडे घ्यायचे. त्याच्या तोंडाशी माणसांनी माती काढायची. मग नळकांडे थोडे पुढे रेटायचे आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी ओतीव लोखंडाची कडी बसवायची. कड्यामागून कडे जोडत गेले की बोगदा तयार. वर रस्त्यावरचा दुकानदार आपला माल विकत असतो. आपल्या पायाखाली काय चालले आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

इतक्या खोल बोगद्यात वाफेचे इंजिन चालणे अशक्य. म्हणून १८९० साली खुल्या झालेल्या सिटी अँड साउथ लंडन रेल्वेने विजेचा आश्रय घेतला. खोल बोगद्यातून विजेवर चालणारी ही जगातली पहिली रेल्वे. बाहेर पाहण्यासारखे काही नाही, तर खिडक्या कशाला, असा विचार करून तिच्या डब्यांना खिडक्या जवळजवळ ठेवल्याच नव्हत्या. लोकांनी त्या डब्यांना वेड्यांच्या इस्पितळातील कोठड्यांची उपमा दिली. हिशेबाने ते बरोबर होते. माणसाच्या मनाचा हिशेब मात्र चुकला होता. बंद जागेत बसलेल्या माणसाला पाहायला काही नसले तरी खिडकी लागते.

आता खरा प्रश्न आला जिन्याचा. इतक्या खोल जायचे कसे? प्रथम लिफ्ट बसवल्या. परंतु लिफ्टची रीत विहिरीच्या पोहऱ्यासारखी : भरायची, वर न्यायची, रिकामी करायची, पुन्हा खाली आणायची. आगगाडी मात्र दर काही मिनिटांनी शेकडो माणसे फलाटावर ओतते. पोहरा एक आणि झरा मोठा, अशी स्थिती झाल्यावर पाणी तुंबणारच. यावर उपाय म्हणजे सरकता जिना. तो थांबत नाही. पाटाच्या पाण्यासारखा सतत वाहतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत असा जिना १९११ साली अर्ल्स कोर्ट स्थानकात बसला. सरकत्या जिन्याने स्थानकाचे सारे रूप पालटले. खोल स्थानकांवर मोठी गर्दी पेलण्याचे सामर्थ्य आले ते त्याच्यामुळे.

येथवरचा इतिहास कौतुकाचा आहे. आता फीविषयी बोलू.

पॅरिसची भुयारी रेल्वे जुलै १९०० मध्ये सुरू झाली. गिमार नावाच्या वास्तुशिल्पकाराने तिच्या दारांवर लोखंडाच्या अशा वेली चढवल्या की आजही लोक त्या मुद्दाम पाहायला जातात. पण १० ऑगस्ट १९०३ च्या संध्याकाळी एका गाडीच्या यंत्रात बिघाड होऊन आग लागली. ती रिकामी करून पुढे नेत असताना पुन्हा पेटली. मागून प्रवाशांनी भरलेली एक गाडी कूरोन नावाच्या स्थानकात येऊन थांबली. कर्मचाऱ्यांनी सांगितले, उतरा आणि बाहेर पडा. काही प्रवासी अडून बसले. आमच्या तिकिटाचे पैसे परत द्या, म्हणाले. तिकीट होते पंधरा सांतिमांचे. या वादात मोलाची मिनिटे गेली. बोगद्यातून काळा धूर लोटत आला आणि दिवे विझले. कारण स्थानकातले दिवे आणि गाडी यांची वीज एकत्रच होती. अंधारात लोक फलाटाच्या ज्या टोकाकडे धावले, तिकडे बाहेर पडायला वाटच नव्हती. त्या संध्याकाळी एकूण ८४ माणसे गेली.

पंधरा सांतिमांसाठी भांडणाऱ्यांना हसणे सोपे आहे. आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. धडा वेगळाच आहे. त्यानंतर स्थानकाच्या दिव्यांची वीज गाडीच्या विजेपासून वेगळी करण्यात आली, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर पेटती पाटी लावण्यात आली. आज सिनेमागृहात अंधार झाला तरी दारावर एक लहान पाटी तेवत असते. तिच्याकडे आपण कधी लक्ष देत नाही. तिच्यामागे अशा किती अंधाऱ्या संध्याकाळी उभ्या आहेत, हे लक्षात असावे.

भुयारात माणसाची दिशा हरवते. सूर्य नाही, झाड नाही, ओळखीचे दुकान नाही. हे जाणत्या लोकांनी ओळखले आणि स्थानकाला चेहरा देण्याचा प्रयत्न केला. लंडनमध्ये लेस्ली ग्रीन या तरुण वास्तुशिल्पकाराने १९०६ आणि १९०७ साली उघडलेल्या अनेक स्थानकांची दर्शनी बाजू गर्द लाल चकचकीत फरशांनी मढवली, आणि खाली फलाटावरच्या फरशांची नक्षी प्रत्येक स्थानकाला निराळी दिली. एडवर्ड जॉन्स्टनने १९१६ साली पाट्यांसाठी सुटसुटीत अक्षरे घडवली. हॅरी बेक या आराखडे काढणाऱ्याचा नकाशा १९३३ साली लोकांच्या हाती आला. त्याने खरी अंतरे सोडून दिली आणि सरळ व तिरक्या रेषांत नुसता क्रम दाखवला. कारण खाली बसलेल्या माणसाला अंतर नको असते, कोठे उतरायचे आणि कोठे गाडी बदलायची एवढेच हवे असते. मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा तर प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही दिले. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही आपले स्थानक ओळखता आले पाहिजे, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. मॉस्कोने १९३५ साली तेरा स्थानकांनिशी आरंभ केला, तो संगमरवर आणि झुंबरे लावूनच. त्यामागे राज्यकर्त्यांचा डामडौल होता, हे खरे. पण रोजच्या कामकऱ्याच्या वाटेवर संगमरवर घालावा, ही कल्पना काही वाईट म्हणता येणार नाही.

मग आले दुसरे महायुद्ध. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडू लागले. भुयारी स्थानकांचा आसरा म्हणून उपयोग करू नये, असे सरकारचे आधीचे मत होते. लोकांनी ते मानले नाही. त्यांनी साधी तिकिटे काढली, अंथरुणे घेऊन खाली उतरले आणि पहाटेपर्यंत वर आलेच नाहीत. अखेर सरकारला नमते घ्यावे लागले. फलाटांवर बाजा आल्या, संडास आले, चहा आला. स्थानक हे नागरिकाचे घर झाले.

याच काळातली एक घटना मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या विषयाचा गाभा तिच्यात आहे. पूर्व लंडनमध्ये बेथनल ग्रीन येथे नवे स्थानक बांधून होत आले होते. रूळ अजून पडले नव्हते, गाडी सुरू झाली नव्हती. तेथे हजारो लोकांच्या निजण्याची सोय केली होती. मात्र रस्त्यावरून आत जायला वाट एकच. तेथून एकोणीस पायऱ्यांचा जिना खाली जाई. जिन्याच्या मधोमध कठडा नाही. उजेड म्हणाल तर एक मिणमिणता दिवा, कारण शहरात दिवेबंदी. स्थानिक नगरपालिकेने १९४१ सालीच वरिष्ठांना पत्रे लिहून कळवले होते, की प्रवेशद्वाराशी असलेले लाकडी कुंपण गर्दीचा रेटा सोसणार नाही, तेथे पक्के बांधकाम करू द्यावे. हा खर्च अनावश्यक आहे, असे ठरवून मागणी फेटाळण्यात आली.

३ मार्च १९४३. पाऊस पडून गेल्याने पायऱ्या ओल्या होत्या. रात्री आठच्या सुमारास भोंगा झाला. लोक नेहमीप्रमाणे शांतपणे उतरू लागले. इतक्यात जवळच्या बागेतून एका नव्या जातीच्या विमानविरोधी अग्निबाणांचा मारा सुरू झाला. तो आवाज कोणाच्याच ओळखीचा नव्हता. बाँब पडला असे समजून मागचे लोक पुढे रेटले. जिन्याच्या तळाशी मूल घेतलेली एक बाई अडखळून पडली. तिच्यावर एक म्हातारा पडला. मागच्यांना अंधारात काही दिसत नव्हते. ते उतरतच राहिले. काही सेकंदांत तो जिना माणसांनी चोंदून गेला. १७३ जण गुदमरून मेले : २७ पुरुष, ८४ स्त्रिया आणि ६२ मुले. त्या रात्री त्या भागावर एकही बाँब पडला नव्हता.

चौकशी झाली, पण अहवाल दाबून ठेवला. नगरपालिकेने आधी पत्रे लिहिली होती, हे लोकांना कळू दिले नाही. शेजारी-पाजारी नगरपालिकेलाच दोष देत राहिले, आणि तिला तोंड उघडता येईना. जिन्यात मधला कठडा मात्र ताबडतोब बसला. पायऱ्यांच्या कडांना पांढरा रंग लागला. बंधुभगिनींनो, याचा खर्च तो किती? त्या स्थानकाशेजारी आज एक स्मारक उभे आहे. उलटा टांगलेला जिनाच तो. तो २०१७ साली पुरा झाला.

दुसरी तशीच गोष्ट युद्धानंतरची. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात सरकत्या जिन्याला आग लागली. जिना लाकडी होता. कोणाच्या तरी हातून पेटती काडी फटीतून खाली पडली. खाली वर्षानुवर्षांचे वंगण आणि कचरा साठलेला. प्रथम आग दिसली ती एखाद्या मोठ्या खोक्याएवढी. सुमारे पंधरा मिनिटे ती तशीच वाटत राहिली. मग एकाएकी ज्वाळेचा लोळ वरच्या तिकीटघरात शिरला. ३१ माणसे मेली. त्यांत अग्निशामक दलाचा एक अधिकारीही होता.

असे का झाले, हे शास्त्रज्ञांनाही लगेच उलगडले नाही. गणकयंत्रावर आकडेमोड केली, लहान प्रतिकृती करून जाळून पाहिल्या, तेव्हा कळले. सरकता जिना म्हणजे दोन बाजूंना भिंती असलेली तिरपी पन्हळ. अशा पन्हळीत ज्वाळा सरळ वर न उठता पायऱ्यांना चिकटून आडवी होते, पुढच्या पायऱ्या तापवते आणि मग सगळ्या एकदम पेटतात. हे निसर्गाचे रहस्य झाले. पण दुसरे रहस्य माणसांचे होते. अशा आगी पूर्वीही अनेकदा लागल्या होत्या. रेल्वेच्या बोलीत त्यांना आग म्हणतच नसत. ‘धुमसणे’ असा सौम्य शब्द रूढ होता. शब्द सौम्य केला की काळजीही सौम्य होते. चौकशीच्या अहवालात दीडशेहून अधिक शिफारशी आल्या. भुयारी स्थानकांसाठी १९८९ साली कायद्याने कडक नियम झाले आणि लाकडी जिने हळूहळू हद्दपार झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतातील पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्याची. एस्प्लनेड ते भवानीपूर हा तिचा ३.४ किलोमीटरचा पहिला टप्पा २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झाला. तेथेही रस्ते उकरूनच काम झाले, आणि कलकत्तेकरांनी ते खड्डे कित्येक वर्षे सोसले. दिल्लीत भुयारी गाडी २००४ च्या अखेरीस धावली. पुण्यात शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट अशी पाच स्थानके जमिनीखाली आहेत. त्यांतली शेवटची २०२४ साली खुली झाली. जिल्हा न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि तरी तेथे वरून सूर्यप्रकाश उतरेल अशी रचना केलेली आहे. बेकर स्ट्रीटच्या झरोक्यांची आठवण यावी, असेच हे काम.

मुंबईची आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची मार्गिका २०२४ ते २०२५ या काळात तीन टप्प्यांनी पुरी झाली. तिच्या सत्तावीस स्थानकांपैकी सव्वीस भूमिगत आहेत. तिच्यातले एक स्थानक आचार्य अत्रे चौक. ज्यांच्या भाषणाला भुयारातसुद्धा गर्दी लोटली असती, त्यांचे नाव या स्थानकाला लाभले. ते १० मे २०२५ रोजी खुले झाले आणि २६ मे रोजी, अवेळी कोसळलेल्या पावसात, त्यात पाणी शिरले. एका प्रवेशद्वाराचे काम अपुरे होते. तेथे उभारलेली तात्पुरती भिंत ढासळली. सुदैवाने कोणाच्या जिवावर बेतले नाही. बोगद्याला काही झाले नाही, गाडीला काही झाले नाही. उणे राहिले ते दाराशी, जिन्याच्या तोंडाशी.

आणि जिना भुयारातलाच असला पाहिजे असेही नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर, ऐन सकाळच्या गर्दीत, पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले. मागून गाड्यांची माणसे येतच राहिली. अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण दगावले. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या लंडनच्या जिन्याशी हे चित्र किती जुळते पाहा. ओल्या पायऱ्या, अरुंद वाट, मागच्याला न दिसणारे पुढचे संकट. तेथेही तो जिना अपुरा आहे, हे रोज ये-जा करणाऱ्यांना ठाऊकच होते.

यातून आपण काय घ्यायचे? नव्या स्थानकाचे उद्घाटन होते तेव्हा गाडीचा वेग, बोगद्याची लांबी आणि खर्चाचे कोटी यांचे आकडे आपण ऐकतो, टाळ्याही वाजवतो. वाजवाव्यातच, ते कर्तृत्व मोठे आहे. पण नागरिक म्हणून आपण आणखी चार साधे प्रश्न विचारावेत. हा जिना किती रुंद आहे? मधोमध कठडा आहे का? वीज गेली तर बाहेरची वाट दाखवणारा दिवा जळतो का? दुसरी वाट आहे का, आणि ती उघडी असते की कुलूपबंद? हे विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. बेथनल ग्रीनच्या नगरपालिकेतील ज्या मंडळींनी पत्रे लिहिली, त्यांनी आपले काम केले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. पत्र लिहिणाऱ्याला खर्चिक किंवा शंकेखोर ठरवणे सोपे असते. तसे पत्र आपल्या गावात कोणी लिहिले, तर निदान आपण तरी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

पिअर्सनने भुयाराचे स्वप्न पाहिले ते गरीब माणसाला उजेडात राहता यावे म्हणून. भुयारी स्थानकाचे सारे शास्त्र शेवटी या एका वाक्यात सांगता येते, की खाली गेलेला प्रत्येक माणूस पुन्हा उजेडात आला पाहिजे. उद्या आपण तो जिना उतराल तेव्हा क्षणभर कठड्यावर हात ठेवा. तो तेथे आपोआप आलेला नाही, एवढे लक्षात ठेवा.